अंगावरून उतरवलेलं मन

एका राज्यात एका नव्या सुनेने भिंतीआडून एक बोलणं ऐकलं, आणि ते बोलणं तिच्या कानांसाठी नव्हतं.

सुनेचं नाव सुरंगी. न्हाऊन झालं होतं, ओले केस पुसत ती न्हाणीघराच्या दाराशी उभी होती. पलीकडच्या दालनात दोघीजणी विडे लावत बसल्या होत्या. एक तिच्या सासूबाई, राज्याच्या पट्टराणी, ज्यांना सगळे आईसाहेब म्हणत. दुसऱ्या राजेसाहेबांच्या थोरल्या बहीण, आत्यासाहेब.

"अंग गार आहे हो हिचं," आत्यासाहेब म्हणाल्या. "दासी सांगत होती. युवराजांनी हात धरला, तर ही आपली खिडकीकडे बघतेय."

"मन अजून अंगावर आहे ना," आईसाहेब म्हणाल्या. "मन अंगावर ठेवून कुणाला कधी सुख लागलंय?"

"मग उतरवायचं कधी?"

"येत्या पौर्णिमेला. दिवेलागणीच्या सुमाराला."

अडकित्त्याखाली सुपारी कटकन मोडली. सुरंगीच्या हातातला पंचा आपोआप पिळला गेला. पाणी पायांवर पडलं. ते गार होतं की कोमट, तिला कळलं नाही.

सुरंगी बोलायची थोडं, बघायची फार. तिचं माहेर डोंगरापलीकडचं छोटं राज्य. तिथे हत्ती एक, तोही म्हातारा. पण तिथे तिचे वडील शिकारीहून आले की कोमट पाण्यात पाय सोडून बसत आणि डोळे मिटून म्हणत, "अहा!" आई केसांना तेल लावून घेताना म्हणे, "अहा!" तो म्हातारा हत्तीसुद्धा कानामागे नारळाच्या काथ्याने घासलं की सोंड वर करून आपल्या परीने तेच म्हणे. सासरी आल्यापासून हा एक आवाज तिने ऐकला नव्हता.

तसा इथे सुखाला तोटा नव्हता. न्हाणीत चंदन, वाळा, केवडा. ताटाभोवती वाट्यांची रांग इतकी लांब, की शेवटची वाटी शेजारच्या पाटावर. पण जेवताना कुणी 'वा' म्हणत नसे, कुणी बोट चाटत नसे. राजेसाहेब पुरणपोळी आणि काढा एकाच चेहऱ्याने घेत. मग मुदपाकखान्यात निरोप जाई, "तूप वाढवा." दुसऱ्या दिवशी जाई, "केशर वाढवा." गाद्यांत हंसाची पिसं भरता भरता गाद्या इतक्या उंच झाल्या होत्या, की पलंगावर चढायला शिडी लागे. सुरंगीला पहिल्या दिवशी ती शिडी बघून हसू फुटलं होतं. पण बरोबर हसायला कुणी नव्हतं, म्हणून तिने ते गिळलं.

तिचे यजमान युवराज हंसराज. दिसायला देखणे, वागायला सज्जन. रोज विचारत, "तुम्ही बऱ्या आहात ना?" ती म्हणे, "आहे." मग ते हात धरत. हात उबदार असे. पण देवळाच्या खांबाला उन्हाने ऊब येते तशी ती ऊब. खांबाला काही तिचा पत्ता नसतो.

महालामागे पक्ष्यांची बाग होती. पिंजरा एकालाही नव्हता, तरी पक्षी कुठे जात नसत. त्या बागेतला एक हिरवा राघू हीच काय ती सुरंगीची सासरची ओळख. राघू बोलका होता. आत्यासाहेबांच्या चालीची नक्कल करी. "आलीस? आज शिडीवरून घसरलीस की नाही?" असं विचारी. त्याच्याशी बोलताना सुरंगीचं गिळलेलं हसू बाहेर येई. घरात देह सोबतीला होता आणि बागेत गोष्टी होत्या. दोन्ही मिळून एक नवरा झाला असता, असं तिच्या मनात एकदा येऊन गेलं होतं, आणि तिची तिलाच लाज वाटली होती.

त्या दिवशी ती ओल्या केसांनीच बागेत गेली.

"राघू, मन उतरवणं म्हणजे काय?"

राघूने पेरू खाली टाकला. "तुझं उतरवणार?"

"पौर्णिमेला."

राघू फांदीवरून तिच्या जवळ सरकला. मग म्हणाला, "दृष्ट काढतात तसंच. समोर निखारे. मुठीत मीठ, मोहरी, लाल मिरच्या. मुठी अंगावरून ओवाळायच्या आणि विस्तवात टाकायच्या. मोहरी तडतडली की मन सुटतं, आणि जो पक्षी समोर असेल त्यात जाऊन बसतं. माझ्या वेळी राघू होता."

"तुझ्या वेळी?"

"मला मिसरूड फुटलं तेव्हा. तोंड मिटून बस म्हणाल्या आत्यासाहेब. बोललास तर सगळं बिघडेल म्हणाल्या. मी शहाण्यासारखा बसलो." त्याने पंख झटकले. "नाव हंसराज, आणि राहायला पोपटात. सांगायची लाज वाटत होती गं."

सुरंगी पारावर टेकली. तिने विचारलं, "मग परत का नाही जात?"

"गेलो की! कितीदा त्यांच्या खांद्यावर बसलो. अंग मला ओळखतच नाही. त्यांनी मला पेरू दिला."

राघूने बाकीचे दाखवले. घुमणारं कबुतर म्हणजे राजेसाहेब. भांडकुदळ टिटवी, आत्यासाहेब. आणि भिंतीकडे तोंड करून बसलेली, कधीही न बोलणारी साळुंकी, त्या आईसाहेब. त्यांचं मन लग्नानंतर उतरवलं होतं, माहेरच्या आठवणीने रडतात म्हणून.

"परतीची वाट एकालाच ठाऊक आहे," राघू म्हणाला. "वडाच्या ढोलीत जा. पण हळू बोल, तो दिवसा झोपतो."

ढोलीत एक घुबड होतं. ज्या मांत्रिकाने ही विद्या काढली, त्या कालिंजराचं मन. एका जुन्या राजाची राणी गेली. राजा म्हणाला, माझं दुःख काढ, पण सुख राहू दे. कालिंजराने विचार केला, दुःख मनात असतं, सुख अंगात असतं, मधून चिरलं की काम झालं. प्रयोग आधी स्वतःवर केला. देह कधीच राख झाला, मन तेवढं ढोलीत राहिलं.

"कोण आहे?" घुबडाने एक डोळा उघडला.

"राजघराण्याची सून. युवराजांचं मन परत लावायचं आहे, आणि माझं वाचवायचं आहे."

"तीन कामं आहेत. पहिलं जिभेचं. जेवताना त्याला एका घासावर थांबव."

"फक्त थांबवायचं?"

"फक्त म्हणतेस? या घराण्यात तीन पिढ्यांत कुणी थांबलेलं नाही." घुबडाने डोळा मिटला.

सुरंगी राघूकडे आली. "काय आवडायचं तुला?"

राघूने मान वाकडी केली. "आवळा. म्हणजे आवळा नव्हे. आवळ्यानंतरचं पाणी."

दुसऱ्या दिवशी युवराज जेवायला बसले. सुरंगीने वाट्यांची रांग बाजूला सरकवली आणि पाटासमोर एक आवळा ठेवला, शेजारी मातीच्या भांड्यात पाणी. वाढपी एकमेकांकडे बघू लागले. आत्यासाहेबांच्या भुवया वर गेल्या. युवराजांनी समोर आलेलं निमूटपणे चावलं, ते समोर येईल ते चावत. मग पाणी प्यायले, आणि भांडं ओठांपाशीच राहिलं.

"पाण्यात काय घातलंय?"

"काही नाही."

"काही नाही कसं? हे तर..." त्यांनी पुन्हा एक घोट घेतला, आणि तो लगेच गिळला नाही.

त्याच क्षणी बागेत राघूच्या जिभेवर गोड पाणी उतरलं आणि त्याचं एक हिरवं पीस गळून पडलं. संध्याकाळी त्याने ते सुरंगीला मोठ्या दिमाखात दाखवलं, लेकराने पडलेला दात दाखवावा तसं.

घुबड म्हणालं, "दुसरं काम. त्याला हसव. पण विनोद सांगायचा नाही, नक्कल करायची नाही. बोलायचंच नाही."

"मग हसणार कसे?"

"हसू मनाचं की अंगाचं, हे मला आजवर कळलेलं नाही. तुला कळलं तर सांग."

सुरंगीने आठवणीत शोधलं. माहेरी ओढ्यावर एक डोह होता. लहानपणी ती आणि तिच्या बहिणी पाण्यात पाय सोडून पैजा लावत, की आधी कोण किंचाळतं. इथेही वनात ओढा होता. एका सकाळी तिने युवराजांना सांगितलं, "मला ओढा बघायचा आहे." तिने काही मागितलं असं ते पहिल्यांदाच घडत होतं. युवराजांनी घोड्यांवर खोगीर चढवायला सांगितलं.

ओढ्याकाठी तिने स्वतःचे पाय पाण्यात सोडले आणि खुणेनेच त्यांना शेजारी बसवलं. युवराजांनी मोजड्या काढल्या, पाय सोडले. बारकी मासोळी आली. दुसरी आली. मग सगळं गोत आलं आणि युवराजांच्या टाचा टोचू लागलं.

युवराजांचा चेहरा आधी गंभीर झाला. मग खांदे हलले. मग पोटातून काहीतरी उसळी मारून वर आलं आणि घशात अडखळलं, कारण ती वाट पुष्कळ वर्षं कुणी चाललेलं नव्हतं. आणि मग ते हसले. इतके, की घोडा बिचकला. दोन भालदार धावत आले, त्यांना वाटलं युवराजांना काही चावलं.

"चावलंच आहे!" युवराज म्हणाले, आणि परत हसत सुटले. पण पाय काही त्यांनी वर घेतले नाहीत.

बागेत राघू काही कारण नसताना खिदळत फांदीवरून खाली पडला. पिसांचा सडा झाला.

परत येताना युवराज घोड्यावरून वळून वळून तिच्याकडे बघत होते. चेहऱ्यावर ओळखीचं काहीतरी येत होतं आणि जात होतं. सुरंगीला वाटलं, आता तिसरं काम काय ते सोपंच असणार. पौर्णिमा अगदी तोंडावर आली होती.

"तिसरं काम त्याचं नाही," घुबड म्हणालं. "तुझं आहे."

"माझं कसं? माझं मन तर अंगावरच आहे."

"हो का? काल युवराजांनी तुझा हात धरला. कुठला धरला? डावा की उजवा?"

सुरंगीने दोन्ही हातांकडे पाहिलं. दोन्ही तिचेच होते. एकानेही काही सांगितलं नाही.

"बरं, खिडकीच्या चौकटीवर काय होतं?"

"पाकोळीचं घरटं," ती पटकन म्हणाली. "पिल्लांपैकी एक चपळ आहे, ते बाकीच्यांना मागे ढकलतं. घरट्याला डावीकडे चीर गेलीये. पाकोळी येते तेव्हा आधी..."

ती बोलायची थांबली.

"बघ," घुबड म्हणालं. "मोहरीचा दाणासुद्धा लागला नाही."

सुरंगीला राग आला. तो रागही तिने गिळला, आणि गिळताना तिच्या लक्षात आलं, की गिळायची सवय इथली नाही. पाठवणीच्या वेळी मामींनी सांगितलं होतं, फार हसू नकोस. मावशी म्हणाली होती, काही वाटलं तर चेहऱ्यावर दाखवू नकोस. इथे दारात दासी, पडद्याआड दासी. हात धरला गेला की सुरंगी आपली आपल्यापासून चार पावलं लांब जाऊन उभी राहायची आणि बघायची. पदर नीट आहे ना? चेहरा बरा दिसतो ना? काही चुकत नाही ना? आणि इतकं सगळं बघायचं, तर मग हाताकडे बघणार कोण? आत्यासाहेबांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. अंग गार होतं. चूल पेटवून बाई शेजारी निघून गेली, तर आधण कोण ठेवणार?

"काय करू?" तिने विचारलं.

"खिडकीतून खाली उतर. आणि उतरलीस की त्याला सांग. तोंडाने."

"तोंडाने?"

"त्याच्या अंगाला मन हवं, हे त्याच्या अंगाला कळणार कसं? समोरच्यात कुणी आहे, हे कळल्याशिवाय घरचा माणूस दार उघडायला येत नाही."

ती निघाली, तेव्हा भिंतीकडे तोंड करून बसलेली साळुंकी अचानक बोलली. आवाज गंजला होता.

"वेणी माळताना मानेला मोगरा गार लागायचा," साळुंकी म्हणाली. "अजून लागत असेल का गं?"

सुरंगीने साळुंकीच्या डोक्यावरून एक बोट फिरवलं आणि ती घरात गेली.

दुपारची वेळ होती. महाल वाळ्याच्या पडद्याआड सुस्तावला होता. युवराज आले, शिडी चढून बसले. म्हणाले, "तुम्ही बऱ्या आहात ना?"

"नाही," सुरंगी म्हणाली.

युवराजांनी मान वर केली. हे उत्तर रोजच्यातलं नव्हतं.

"दारातली दासी जाऊ दे," ती म्हणाली. "ती बघत बसते, म्हणून मीही बघत बसते."

दासी गेली. सुरंगीने गादीवरच्या गाद्या खाली ढकलायला सुरुवात केली. युवराजांना कारण कळलं नाही, पण त्यांनी हात लावला. शेवटी एक साधी, जुनी गादी राहिली, जमिनीपासून गुडघाभर. शिडी कोपऱ्यात बिनकामाची उभी राहिली.

युवराजांनी हात धरला. उजवा. सुरंगीने डोळे मिटले. मन लगेच उठलं आणि पाकोळीकडे गेलं. तिने त्याला माघारी बोलावलं. ते आलं, बसलं, पुन्हा उठून पदराकडे गेलं, तिथून दाराकडे. तिने पुन्हा बोलावलं. मग तिला राघू आठवला, खांद्यावर बसून परत पाठवला गेलेला, आणि तिला तिच्या मनाची दया आली.

"थांबा," ती म्हणाली.

युवराज थांबले. लग्न होऊन इतके महिने झाले, आणि 'थांबा' म्हटलं की ते थांबतात हे तिला ठाऊकच नव्हतं.

"हात जरा सैल धरा." तिने मान किंचित पुढे झुकवली. "हां. आता मानेमागे. तिथे नाही. केस संपतात तिथे."

"इथे?"

"हो. हळू."

"असं?"

"असंच."

मग युवराजांनी विचारलं, "काय होतं?" आजवर या महालात हा प्रश्न कुणी कुणाला विचारलेला नव्हता. वैद्य सोडून.

सुरंगीने खोटं बोलायचं नाही असं ठरवलं, म्हणून तिला आधी नीट बघावं लागलं. पण या वेळी बाहेर नव्हे. "तुमच्या बोटावर लगामाचा घट्टा आहे," ती म्हणाली. "तो खरखरीत लागतो. मला तो आवडतो. पाठीतून काहीतरी खाली उतरतं, शेतात पाट सोडल्यावर पाणी एकेका वाफ्यात जातं तसं. आत्ता खांद्यापर्यंत आलंय. आत्ता..."

आणि पुढे वाक्याच्या जागी तिच्या तोंडून एक लहानसा आवाज आला.

"अहा."

तो तिने काढलेला नव्हता, आणि तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाचाही नव्हता. अंगाने तो मनाकडून घेतला की मनाने अंगाकडून, ते तिला सांगता आलं नसतं. दोघं त्या क्षणी एकाच उंबऱ्यावर उभी होती. हात तोच होता, रोजचा. नवं काही आणलेलं नव्हतं. उलट, गाद्या कमीच झाल्या होत्या.

खिडकीत पंख फडफडले. अर्धी पिसं गळलेला राघू शिडीच्या टोकावर येऊन बसला.

"मी येऊ का?" त्याने विचारलं.

सुरंगीने युवराजांकडे पाहिलं. युवराज राघूकडे बघत होते, हरवलेली वस्तू दुसऱ्याच्या हातात दिसावी तसे. या वेळी त्यांनी पेरू दिला नाही. तळहात पुढे केला.

"ये," दोघं एकदमच म्हणाली.

तळहातावर काही हिरवी पिसं उरली. युवराजांनी डोळे मिटले, उघडले, आणि सुरंगीकडे असं पाहिलं, जसं आजवर कुणी पाहिलंच नव्हतं.

"शिडीवरून घसरलीस की नाही आज?" ते म्हणाले.

सुरंगी हसली. या वेळी तिने हसू गिळलं नाही. पुढचं सांगायचं कारण नाही. पाकोळीनेही पिल्लांची तोंडं दुसरीकडे वळवली.

पण पौर्णिमा काही टळली नाही.

युवराज आईसाहेबांकडे गेले. "सुरंगीचं मन उतरवू नका," ते म्हणाले.

आईसाहेबांनी त्यांना नीट न्याहाळलं. "तुमचं परत लागलेलं दिसतंय," त्या म्हणाल्या, माशी हाकलावी तितक्या सहज. "हरकत नाही. तिच्यामागोमाग तुमचंही उतरवू."

"आणि बायकांच्या दालनात दिवेलागणीला यायचं नाही हं, युवराज," आत्यासाहेब म्हणाल्या. "रीत आहे."

दिवे लागले. सुरंगीला पाटावर बसवलं. समोर निखारे, शेजारी रिकाम्या डोळ्यांची एक चिमणी, खास तिच्यासाठी आणलेली. दाराबाहेर युवराज उभे होते, आणि उंबरा ओलांडला असता तर भालदारांनी त्यांना हात लावला असता. सुरंगीने त्यांच्याकडे पाहून मान हलवली. थांबा. ते थांबले.

"तोंड मिटून बस, सूनबाई," आत्यासाहेब म्हणाल्या. "बोललीस तर सगळं बिघडेल."

मुठी तिच्या डोक्यावरून फिरल्या, खांद्यांवरून फिरल्या. मीठ, मोहरी, लाल मिरच्या. सुरंगीला आपलं मन निघायला टाचा उचलून उभं राहताना जाणवलं. खिडकी उघडीच होती, पलीकडे पाकोळीही होती. निघून जायची सवय जुनी होती, आणि निघून गेलं की दुखत नाही, हेही तिला माहीत होतं.

पहिली मूठ विस्तवात पडली. मोहरी तडतडू लागली आणि मन अर्धं सुटलं. दुसरी मूठ वर झाली.

सुरंगीला राघूचं बोलणं आठवलं. त्यानेही तोंड मिटलं होतं. आईसाहेबांनी मिटलं असेल. राजेसाहेबांनी, त्यांच्या वडिलांनी. तीन पिढ्या शहाण्यासारख्या गप्प बसल्या, म्हणून तर ही विद्या चालली. बोललं तर सगळं बिघडेल! मग बिघडू दे की.

तिने पाटावर दोन्ही तळहात टेकले. पाट गार होता. हे तिला कळलं, आणि ती बोलली.

ती काय बोलली, ते सांगायचंच आहे. आधी काय झालं ते ऐका. आत्यासाहेबांच्या हातातली मूठ तशीच राहिली. निखाऱ्यावरची मोहरी तडतडायची थांबली. मग मिरच्यांचा धूर उठला, आणि तीन पिढ्यांत ज्या महालात मिरचीच्या धुराने कुणी खोकललं नव्हतं, तिथे पहिला ठसका लागला तो आईसाहेबांना. दुसरा आत्यासाहेबांना. मग दासी, भालदार, देवडीवरचे पहारेकरी. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, सगळा राजवाडा खोकत होता आणि शिंकत होता. बागेतून पंखांचा एकच फडफडाट झाला. टिटवी आली, कबुतर आलं. साळुंकी आली आणि आईसाहेबांच्या मानेवर, जिथे वेणी माळतात तिथे टेकली, आणि दिसेनाशी झाली. आईसाहेब ठसक्याने रडत होत्या, की रडण्याने ठसकत होत्या, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. त्यांनी फक्त हात मानेमागे नेला आणि पुष्कळ वेळ तिथेच ठेवला. दुसऱ्या दिवशी सुरंगीने स्वतः त्यांना मोगऱ्याची वेणी माळली. गार लागत होती.

राजेसाहेबांनी पुरणपोळीचा एक घास खाल्ला आणि आचाऱ्याला बोलावून विचारलं, की बाबा, इतकं तूप का घालतोस? काढा मात्र त्यांनी थुंकून टाकला. पिसांच्या गाद्या गावात वाटल्या. शिडी माळ्याला दिली, आवळे काढायला. घुबडाला जायला देह नव्हता, म्हणून ते ढोलीतच राहिलं. पण सुरंगी रोज जाऊन त्याची मान खाजवते, आणि ते डोळे मिटून म्हणतं, इतक्या वर्षांत हे कुणी सांगितलं नाही, की घुबडालाही अंग असतं.

राज्य पूर्वीसारखं झालं, म्हणजे लोक पुन्हा रडू लागले आणि पुन्हा 'अहा' म्हणू लागले. एकाला वगळून दुसरं मागायचं नाही, एवढं त्यांना कळलं.

आणि सुरंगी त्या संध्याकाळी पाटावर बसून, वर झालेल्या मुठीकडे बघत, दोघींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली ते असं:

"आत्यासाहेब, आईसाहेब, माझं अंग गार नव्हतं. मी घरी नव्हते. आता आलेय. ती मोहरी फोडणीला ठेवा."